दुकानाहून मोठा माणूस

मी दुसऱ्याच्या चित्रावर न विचारता ब्रश चालवला. विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात उन्हाळ्यात बायकांसाठी चित्रकलेचा वर्ग असतो, तो मी घेत होतो. जुन्या जालन्यातल्या एका बाईंनी चित्रात स्वतःचं कापडाचं दुकान काढलं होतं. गल्ल्यावर बसलेला नवरा दुकानाच्या छपराच्याही वर गेला होता. तो नुकताच वारला, हे मला माहीत होतं. तरी प्रदर्शनाआधी मी पोस्टर कलरने त्याला लहान करून दुकानात नीट बसवलं.

उद्घाटनाला बाई सासूला घेऊन आल्या. चित्र पाहताच सगळ्यांसमोर कडाडल्या, "कुणी हात लावला ह्याला?"

"ताई, प्रमाण चुकलं होतं. दुकानापेक्षा माणूस मोठा कसा असेल?"

"माझा होता! हे माझं चित्र न्हाई. तुमचंच नाव लावा मंग."

"प्रदर्शनाला काही दर्जा लागतो," मीही चिडून म्हणालो. त्यांनी चित्र भिंतीवरून ओढून काढलं आणि सासूचा हात धरून निघून गेल्या.

आठवड्याने मी त्यांच्या दुकानात गेलो.

"आता इथं काय दुरुस्त करायला आलात? जल्दी बोला, गिऱ्हाईक थांबलंय."

गिऱ्हाइकासमोरच बोललो, "ताई, लोक माझ्या वर्गाला हसतील, या भीतीने मी तुमचं चित्र बिघडवलं. मला माफ करा."