बेशरमीचं कुंपण

समुद्रपूरकडच्या आमच्या गावतळ्यात बेशरम माजली होती. हे गुलाबी फुलांचं झुडूप पाणी व्यापत गेलं, तशी पाखरांना घरट्याला जागा उरेना. सन त्र्याऐंशीपासून रूपराव चार गडी घेऊन दर चैत्रात ते उपटत. देवकाबाई दरवर्षी नवऱ्याला विचारी, "यंदा तरी लेकाकडं वर्ध्याले राह्यले जाऊ ना जी?"

"तळं मोकळं झालं का निघूच."

यंदा तळं मोकळं झालं. वळकटी घेऊन दोघं तळ्याच्या पाळीवर एसटीची वाट पाहत उभी राहिली. ढोरं घरट्यांत शिरू नयेत म्हणून रूपरावांनीच, उपटून वाळायला टाकलेल्या बेशरमीच्या काड्यांचं कुंपण काठाला रोवून घेतलं होतं. गाडी दिसली तशी ते निघाले; जाता जाता त्यांनी एका काडीला हात लावला. तिला ओला कोंब फुटला होता. शेजारच्या काडीलाही फुटला होता.

"काऊन थांबले जी? गाडी आली."

"हे जितं हाय, देवका. मले वाटलं, मेलं."

"मंग तळ्याशीच लगन लावाचं होतं!" ती म्हणाली, पण गाडीला तिनं हात दाखवला नाही. गाडी गेली. देवकाबाई वळकटीवर बसून राहिली आणि रूपराव धोतर खोचून पहिली काडी उपटू लागले.