नानांचं मत आणि मामांची मेंढरं

नवी पेठेत नानांचं संपर्क कार्यालय आहे. नाना म्हणजे जिल्ह्याच्या सभेतले आमचे सदस्य. मी तिथे फोन घेते. लोक कामं घेऊन येतात आणि जाताना किस्से ठेवून जातात. माळाच्या त्या एका ठरावानं तर कपाट भरेल एवढे किस्से दिले!

ठराव असा: सांगोल्याकडचं एक माळरान पक्षी-प्राण्यांसाठी कुंपण घालून राखायचं. खर्च एका कंपनीनं द्यायचा, कारण तिनं दुसरीकडे जंगल तोडलंय. त्याच माळावर बिरूमामा मेंढरं चारतात. अधिकाऱ्यांनी त्यांना आमच्या ऑफिसात बसवून सगळी योजना समजावली. मामा म्हणाले, "म्हंजे पाप त्यांनी करायचं, आन् उपास आमच्या मेंढरांनी धरायचा व्हय?"

*

विषय वाचून होण्याआधीच "मंजूर!" ओरडायची नानांना जुनी सवय. ठराव पहिल्यांदा आला तेव्हा सचिवांनी नुसता विषयाचा क्रमांक वाचला. नाना गरजले, "मंजूर!" संध्याकाळी निसर्गप्रेमी पोरं हार घेऊन हजर. "नाना, तुमच्यामुळं माळ वाचला!" नानांनी हार घालून घेतला, फोटो काढला आणि हळूच मला विचारलं, "ताई, कुठला माळ?"

*

मग मामा आले. "नाना, आता मेंढरं कुटं न्यायची?" नाना विरघळले. ठराव अंतिम मंजुरीला आला तेव्हा त्यांनी उभं राहून विरोध केला. ठराव अडला. मेंढपाळांनी खूश होऊन त्यांच्या खांद्यावर घोंगडं टाकलं. भर मे महिन्यात, सोलापुरात! पत्रकारानं विचारलं, "मागं बाजूनं, आता विरोधात. तुमची भूमिका काय?" घाम पुसत नाना म्हणाले, "संतुलनाची! निसर्गाला संतुलन लागतंच की!"

*

शेवटी नाना स्वतः माळावर गेले, मलाही नेलं. अधिकारी म्हणाले, "इथला लांडगाही मोलाचा. त्याच्यामुळं कंपनीचं क्रेडिट, म्हणजे जंगलतोडीच्या भरपाईचं पुण्य, वाढतं."

नानांनी मामांना विचारलं, "लांडगा मेंढरू नेतो का हो?"

"नेतो की. देवाचा वाटा म्हनून सोडतो आमी. पन आता लांडग्याला जेवू आमी घालायचं, आन् आहेर कंपनीनं घ्यायचा?"

सगळ्यात मोठ्यानं अधिकारीच हसले! तिथंच ठराव बदलायचं ठरलं. कुंपण नको, पाळीपाळीनं चराई, आणि कंपनीचा पैसा गावाला.

*

बदललेला ठराव मतदानाला आला, त्या दिवशी मी आणि मामा मागे प्रेक्षकांत बसलो होतो. मामांचा चेहरा उतरलेला. "लई भ्या वाटतंय ताई. नानांचा काय नेम न्हाय."

अध्यक्ष म्हणाले, "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

पहिला हात नानांचा! मग बघता बघता सगळ्यांचेच. ठराव मंजूर झाला, पण सचिव मोजत थांबले. पुन्हा मोजलं. सदस्यांपेक्षा एक हात जास्तच!

अध्यक्षांनी चष्मा सावरून मागं पाहिलं. "ओ मामा, हात खाली घ्या! प्रेक्षकांना मत नसतं."

मामांनी हात तसाच ठेवला.

"माजं न्हाय ओ सायेब. मेंढरांचं हाय!"