साहेबांच्या नावाची मूठ

मी धुळ्याला, देवपुरातल्या एका शाळेत मराठी शिकवते. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला मुलं जी भाषणं करतात, ती गेली कित्येक वर्षं मीच लिहून देते. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, कुठल्या वाक्याला हमखास टाळी पडते, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. त्यामुळे साहेबांच्या भाषणाला मी फसणं शक्यच नव्हतं. फसली ती माझी आई. आणि मी तिला फसू दिलं, हे आधीच कबूल केलेलं बरं.

माझा भाऊ सैन्यात होता, माझ्याहून चार वर्षांनी लहान. सरहद्दीवरच्या ज्या लढाईत तो गेला, तिच्यावरून तेव्हाही वाद होता, अजूनही आहे. कुणी म्हणतं ती टाळता आली असती, कुणी म्हणतं पुरती तयारी न करता पोरांना पुढे ढकललं. आमच्या घरात यावर चर्चा होत नसे. आई मात्र भाकरी थापता थापता मध्येच थांबायची आणि म्हणायची, "त्याले तठे धाडानी गरज व्हती का?" विचारायची ती चुलीकडे बघून. आबा उठून गोठ्याकडे जायचे.

त्याचा शेवटचा फोन मला आला होता. थंडी फार आहे पण मायला सांगू नको, म्हणाला. आम्हाला इकडे कशाला आणलंय ते कुणी नीट सांगत नाही, असंही म्हणाला आणि हसला. मग वांग्याच्या भरताचा विषय काढला. तिकडे मिळतात ती वांगी म्हणजे नुसतं पाणी, त्याला काय भरीत म्हणायचं, अशी तक्रार तो चांगली पाच मिनिटं करत होता. मला पेपर तपासायचे होते, म्हणून मीच फोन आवरता घेतला. ती पाच मिनिटं मला आजही परत हवी आहेत. वांग्यांवर तासभर बोलला असता तरी ऐकलं असतं.

तो गेला त्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला जळगावच्या मैदानावर आई-आबांचा सत्कार झाला. तिथे आले ते साहेब. जिल्ह्यातले मोठे नेते, त्यांना सगळे साहेबच म्हणतात. झेंडावंदन झालं, शाल-श्रीफळ झालं आणि साहेबांनी माइक हातात घेतला. लढाईवर शंका घेणाऱ्यांची त्यांनी चांगलीच सालटी काढली. मग आईकडे हात करून म्हणाले, "या माउलीने देशाला मुलगा दिला. आजपासून मी या माउलीचा मुलगा." टाळ्या थांबेनात. वाक्य चांगलं होतं, मी लिहिलं असतं तर मलाही त्याचा अभिमान वाटला असता. सव्वीस जानेवारीला त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, एक मेला पुन्हा. आई प्रत्येक वेळी पदराने डोळे पुसायची.

आमचं गाव एरंडोलच्या अलीकडे, आणि आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नारळाला देवीचं रूप देतात, रविवारी तिची स्थापना होते, सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड गोड पोळ्या, करायचे तर आधी गहू मुठीने मोजून घ्यावे लागतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. ते रोट घरच्यांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. लेक लग्न होऊन गेली की तीही परकीच. माहेरच्या कानबाईला मी दरवर्षी जायची, रोट भाजायची, पण खायची नाही. भाऊ सुटीवर असला तर मुद्दाम माझ्यासमोर बसून मिटक्या मारत खायचा. मी त्याच्या पाठीत धपाटा घालायची.

तो गेल्याच्या वर्षी कानबाई बसली नाही. पुढच्या श्रावणात आईने परातीत गहू घेतले आणि मोजायला बसली. आबांची सव्वा मूठ झाली. मग थोडं थांबून भावाची झाली. मग तिने तिसरी मूठ भरली.

ही कुणाची, म्हणून मी विचारलं.

"साहेबनी," ती म्हणाली. "भरसभामा सांगं ना तेनी, मी तुमना आंडोर शे म्हनीसन. मंग तेना नावनी मूठ नको?"

आंडोर म्हणजे मुलगा. देवीच्या गव्हासमोर बसलेल्या बाईला, माय, ते भाषणात म्हणायचं असतं, हे मी कसं सांगणार होते? सांगायला हवं होतं. तिच्या तोंडावर वर्षभराने जरा उजेड आला होता, तो मला घालवायचा नव्हता. शिवाय तिच्या मनात काय आहे ते मला कळत होतं. मुलगा झाला की त्याला विचारता येतं. तिला तो एकच प्रश्न विचारायचा होता, आणि आता उत्तर देणारा एक मुलगा तिला मिळाला होता.

रोट झाल्यावर चारच दिवसांनी पंधरा ऑगस्ट आला. आबांनी यायला नकार दिला. आईने स्टीलच्या डब्यात दोन रोट घेतले, एक साहेबांचा आणि एक भावाचा. भावाचा कशाला, तर दोघं भाऊ आहेत, साहेबांनी दोन्ही खावेत, म्हणाली. बसमध्ये तिने डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

त्या दिवशी आम्हा दोघींना मंचावरच बसवलं होतं. साहेबांचं भाषण आधीपेक्षा लांबलं, कारण लढाईवरची टीकाही वाढली होती. मध्येच त्यांनी माझ्या भावाचा शेवटचा फोन सांगितला. मला सगळ्यात पुढे पाठवा, असं तो म्हणाला होता म्हणे. वांग्याचं नावही नव्हतं. आईने माझ्याकडे वळून हळूच विचारलं, खरं का? मी मान हलवून नाही म्हटलं.

मग साहेबांचा आवाज चढला. "लोक विचारतात, गरज होती का? अरे, या माउलीला विचारा. तिच्या मनात आहे का शंका?"

आणि आई उभी राहिली.

तिला वाटलं, आपल्याला विचारलंय. दोन्ही हातांत डबा धरून ती मंचावर नुसती उभी राहिली, बोलायची वेळ कधी येते त्याची वाट बघत. साहेब क्षणभर गोंधळले, पण त्यांचा अनुभव दांडगा. दोन पावलांत ते तिच्यापाशी आले आणि सगळ्यांदेखत तिच्या पाया पडले. मैदान उठून उभं राहिलं, घोषणा सुरू झाल्या, बँड वाजायला लागला. आईचे ओठ हलताना मला दिसले. तिने विचारलं होतं. तिच्या शेजारी असूनही मला काही ऐकू आलं नाही, साहेबांना कुठून येणार?

गाडीपाशी आम्ही त्यांना गाठायचा प्रयत्न केला. त्यांच्या माणसाने नम्रपणे डबा परत केला. साहेब बाहेरचं खात नाहीत, म्हणाला. साहेबांनी काचेआडून हात जोडले आणि ते पुढच्या झेंडावंदनाला जामनेरकडे निघून गेले.

परतीच्या बसला वेळ होता. आई म्हणाली, कुठेतरी बसू. मी तिला रिक्षाने मेहरूण तलावावर नेलं. सुटीमुळे गर्दी होती, लोक पोराबाळांना घेऊन आले होते, हातात छोटे झेंडे होते. आम्ही जरा बाजूला, पाण्याच्या काठाला बसलो. मी तिची माफी मागितली. मला माहीत होतं, मी तुला सांगायला हवं होतं, म्हटलं. फोनवर तो काय बोलला, एवढंच तिने विचारलं. मी सगळं सांगितलं, थंडीसकट. वांग्यांचं ऐकताना ती हसली आणि मग कितीतरी वेळ रडली.

शेवटी तिने डबा उघडला. वरचा रोट काढला, त्याचे बारीक तुकडे केले आणि एकेक करून पाण्यात सोडले. मासे वर आले. ते खाऊन होईपर्यंत ती बघत बसली. मग दुसरा रोट माझ्यापुढे धरला.

मी म्हटलं, माय, मला चालत नाही.

"हाऊ तुन्हा भाऊना शे," ती म्हणाली. "तू नही खाशी ते कोन खाई?"

मी खाल्ला. चार दिवसांचा रोट कडक झाला होता, नीट चावावा लागत होता. आई रिकामा डबा मांडीवर घेऊन, तो जेवताना त्याच्याकडे बघायची तशी, शेवटच्या घासापर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली.