मशीनचा बिडाचा पाय

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. तिला संशय आहे असं मला वाटतं — पण मला काय, सगळ्यांबद्दलच काही ना काही वाटत असतं. दूधवाला मापात पाप करतो, रिक्षावाला लांबून नेतो, शेजारी भिंतीला कान लावतो. स्वभावच तसा. तुम्हाला सांगतानाही मी दार लोटून घेतलंय.

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. रिटायर झाल्यावर बदलापूरला, शिरगावात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचं सामान मांडलं. गेट, खुर्च्या कुणीही जोडतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, जोडणं वेगळं. ते फार चिडकं असतं, एकदम गार झालं की तडकतं. सावकाश तापवायचं, निकेलच्या रॉडने बोटबोटभर जोडत जायचं, आणि मग गरम राखेत पुरून दुसऱ्या दिवसापर्यंत विसरून जायचं. विसरायचं म्हणजे विसरायचंच. हे मला कधी जमलं का?

सुमनताई आमच्याच गल्लीतल्या. नवरा गेल्यावर शिलाई मशीनवर त्यांनी मुलाला वाढवलं. त्या जुन्या मशीनच्या स्टँडचा बिडाचा पाय तडकला, तेव्हा त्यांची सून नयना म्हणाली, हे भंगारात देऊ, मोटरवालं घेऊ. बिचारी भल्यासाठीच म्हणाली असेल. पण सुमनताईंना ते लागलं. माझ्याकडे पाय घेऊन आल्या. "भाऊ, ह्याच्यावरच माझा पोरगा मोठा झाला. कायपण करा, पण जोडून द्या."

मी जोडला. नीट जोडला, खरंच. राखेत पुरला. आणि तासाभरात डोक्यात किडा वळवळायला लागला — रॉड निकेलचाच होता ना? उल्हासनगरच्या दुकानदाराने भलताच तर नाही ना गळ्यात मारला? सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? नाही थांबलो. राख उकरली, पाय बाहेर काढून निरखला. जोड सुरेख होता. दुकानदाराने फसवलं नव्हतं. तेवढ्यात वारा लागला आणि — टिक् — जोडाच्या शेजारून केसाएवढी चीर गेली.

पुन्हा सगळं तापवायला हवं होतं, म्हणजे सुमनताईंना उशिराचं कारण सांगावं लागलं असतं. पण मी तर गल्लीभर सांगत फिरत होतो, बीड जोडावं तर मीच! चिरेत पुट्टी भरली. वरून काळा रंग मारला, दोन हात. सुमनताईंनी खुशीने थालीपीठं पाठवली. मी ती खाल्ली.

महिन्याभरात पाय मोडला. मशीन आडवं झालं, वरचा भागही फुटला. तेव्हा घरात एकटी नयना होती. सुमनताईंनी मला बघायला बोलावलं. तुटल्या जागी माझी पुट्टी दिसत होती — मला दिसत होती, त्यांना काय कळणार? त्या पुट्टीवर अंगठा दाबून धरला आणि म्हणालो, "बीड आपोआप मोडत नाही, ताई. पाडल्याशिवाय नाही."

एवढंच. नाव घेतलं का मी कुणाचं? घ्यायची गरज नव्हती, आणि ते मला ठाऊक होतं. संशय कुठे जाऊन बसतो हे माझ्याइतकं कुणाला कळणार? तुकडे मी "बघतो" म्हणून उचलून आणले आणि भंगारात घातले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नयना शेडच्या दारात येऊन उभी राहिली. "काका, मी फक्त झाडू मारत होते, शप्पथ. असं आपणहून तुटू शकतं ना? आईंना सांगा ना जरा, तुमचं ऐकतात त्या." माझ्या हातात ग्राइंडर होता. मी तो सुरू केला. ती निघून गेली.

मग त्या घरात कपाटाला कुलूप लागलं. चहापावडर किती उरली यावरूनही चौकशी व्हायला लागली. मुलाची दोघींमध्ये फरफट झाली, आणि शेवटी तो बायकोला घेऊन पालेगावला भाड्याने राहायला गेला. सुमनताई मला म्हणाल्या, "भाऊ, तुमच्यामुळे डोळे उघडले माझे." मी मान डोलावली.

गेल्या महिन्यात नयनाच्या मुलीचं बारसं झालं. सुमनताईंना बोलावणं होतं, त्या गेल्या नाहीत. मी गेलो. मला का बोलावलं असेल? तिला कळलंय का? — ते जोखायला गेलो, दुसऱ्या कशासाठी नाही. नयना वाकून पाया पडली. तिचा चेहरा मी निरखून पाहिला, त्यावर काहीच नव्हतं. आशीर्वाद दिला, जेवलो, पाळण्यात डोकावलो. पोरीचं नाक थेट सुमनताईंचं.

परत आलो तर सुमनताई ओट्यावर बसलेल्या. इकडचं तिकडचं बोलल्या आणि हळूच विचारलं, "कुणावर गेलीय हो?" खरं सांगितलं असतं तर त्या तशाच चपला घालून निघाल्या असत्या. आणि दोघी समोरासमोर बसल्या की मोडलेल्या पायाचा विषय निघणार — माझ्या डोक्यात सगळ्यात आधी हेच आलं.

"गर्दी होती, ताई," मी म्हणालो. "नीट दिसलं नाही."

त्या "बरं" म्हणाल्या. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. मी त्यांना हाक मारली नाही.