कागदावर उतरवलेला रेणू

संगणकावर औषधं शोधते असं सांगितलं, की नाशिकमधल्या आमच्या नातेवाइकांना मी मेडिकलच्या दुकानात कामाला आहे असं वाटायचं. पुढे पुढे मी समजावणं सोडून दिलं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या फार्मसी कॉलेजात एकच बरा संगणक होता. रोगजंतूच्या प्रथिनात एक खाच असते; तिच्यात नेमका बसेल असा रेणू पडद्यावर जुळवायचा, हे माझं काम. एकेक गणित तीन-चार दिवस चालायचं आणि मध्येच वीज गेली की सगळं पाण्यात. दोन वर्षांनी एक रेणू असा चपखल बसला, की मी कॉलेजभर सांगत सुटले.

तो प्रत्यक्ष बनवायचा होता रसायनशास्त्राच्या सरांनी. लासलगावहून रोज एसटीने येणारा, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, कमी बोलणारा माणूस. प्रिंटर बंद होता, म्हणून पडद्यावर बघून मी रेणू कागदावर काढून दिला. सरांनी तो प्रयोगशाळेच्या भिंतीवर चिकटवला आणि तास सांभाळून दीड वर्ष त्याच्यामागे लागले. रसायनांनी त्यांची बोटं भेगाळली. तयार झालेली पूड तपासणीला बाहेरगावी गेली आणि उत्तर आलं: काहीही परिणाम नाही.

सर म्हणाले, माझ्याच हातून अशुद्ध राहिलं असेल. त्यांनी पुन्हा बनवला. पुन्हा तेच उत्तर. त्यानंतर त्यांनी संशोधनाचं नाव काढलं नाही. निवृत्तीपर्यंत नुसती प्रॅक्टिकल्स घेतली. जाताना तो कागद मला परत दिला. मी पुढे दुसरे रेणू, दुसरे पेपर करत राहिले. खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं, सरांचा हात कमी पडला.

सात-आठ वर्षांनी तो संगणक भंगारात निघाला. फाइली काढून घेताना रेणू उघडला आणि सहज कागद शेजारी धरला. चित्र मी मागच्या बाजूने बघून काढलं होतं. पण अणूंचा कोणता गट पुढे, कोणता मागे, हे समोरून दिसतं तसं लिहिलं होतं. त्यामुळे कागदावर उतरला होता त्या रेणूचा आरशातला उलटा जोडीदार. पाय उजवा आणि मी मागितली होती डावी चप्पल. सरांनी ती दोनदा तंतोतंत बनवून दिली होती.

चूक पाच मिनिटांत सापडली. सांगायला जायला मला दोन महिने लागले. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

लासलगावात कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे रिक्षा अडकली, तेव्हा परत फिरावं असंही मनात आलं. सर ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मी सगळं सांगितलं, कागद दाखवला. आता ते चिडणार, माझी वर्षं परत द्या म्हणणार, अशी मी तयारी करून गेले होते. त्यांनी चष्मा लावून कागद बराच वेळ पाहिला.

"म्हणजे माल शुद्ध होता?"

"हो सर. दोन्ही वेळा."

त्यांनी बायकोला हाक मारली. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. सर मला म्हणाले, "मॅडम, यांना परत एकदा सांगा."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. रेणू वगैरे त्यांना कळलं नसावं, पण चूक माझी होती एवढं कळलं.

"मी तवाच म्हनले व्हते यांना," त्या म्हणाल्या, "तुमच्या हातून चुकायचं नाय."

मी तेव्हा तसं म्हटलं नव्हतं.