पाव फेरा

सीताबर्डीच्या माझ्या गॅरेजात वडिलांची फियाट वारंवार यायची आणि दर वेळी बिघाड एकच असायचा. इंजिनावरच्या पाण्याच्या झाकणाचा स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, हलायला लागलेला. ॲल्युमिनियम नरम असतं, म्हणून मी नट बेताने कसायचो. प्रतापनगरच्या घरी पोचलं की वडील दोन्ही हातांनी पाना ओढून तो पुन्हा कसायचे आणि आटे उपटून यायचे. पोराच्या कामावर त्यांचा भरवसा नव्हता. मी चिडून सांगायचो, ते ऐकायचे नाहीत.

मग मी भोक मोठं करायचो, टॅप या हत्याराने नवे आटे पाडायचो, जाड स्टड बसवायचो. शेवटी भोवती धातूच उरेना, तेव्हा सांगणं सोडलं. नट पाव फेरा राखूनच कसू लागलो आणि त्यावर रंगाची खूण करू लागलो. तो पाव फेरा वडिलांचा. घरी तेवढा फिरवून ते म्हणत, “आता झालं पक्कं. तुयं काम ढिल्लंच रायते गा.” बरीच वर्षं असं निभलं.

एकदा झाकणातून पाणी गळत गाडी आली. पाहिलं तर खूण जागची हललीच नव्हती. त्यांच्या हातात तेवढा जोर उरला नव्हता. मी नट पुरता कसला आणि गाडी घरी नेली.

संध्याकाळी ते पाना घेऊन अंगणात गेले. परत येऊन हात पुसत म्हणाले, “आजबी ढिल्लंच ठेवलं होतं तूनं.”