मोमोवाल्या आंटीचा साचा

आमच्या दुबईच्या महिला मंडळात नव्या बाईला परीक्षा असायची. गणपतीच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर बसून उकडीचे अकरा मोदक वळायचे, प्रत्येकाला एकवीस कळ्या. जुन्या बायका भोवती खुर्च्या टाकून टोमणे मारायच्या. यानं एकी वाढते, असं आम्ही म्हणायचो. परीक्षक मी.

आता सांगूनच टाकते. मला हातानं मोदक वळता येत नाहीत. मंडळ सुरू झालं त्या वर्षी मी घरून साच्यातले करून नेले, ओल्या बोटानं शिवण पुसून. "काय हात आहे!" म्हणत सगळ्यांनी डबा फस्त केला. पुढच्या वर्षी परीक्षेची टूम निघाली आणि ती घ्यायचा मान मला मिळाला. परीक्षकाला मोदक वळायला कोण सांगतं?

गेल्या वर्षी विदर्भातली एक मुलगी आली.

"आमच्याकडे तळणीचे असतात हो, ताई."

"इथे उकडीचेच," मी म्हटलं.

तिची पारी फाटली, सारण बाहेर आलं. तो मोदक मी उचलून सगळ्यांना दाखवला. "हबीबी, हा मोदक की मोमो?" सगळ्या खो खो हसल्या. तीही हसली. मी घरी पोचते न पोचते तोच ती मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडली होती.

महिनाभर तो फाटका मोदक माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी साचा पर्समध्ये टाकला आणि गाडी काढून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातलं तिचं घर गाठलं. दार तिच्या पाच वर्षांच्या लेकीनं उघडलं.

"ममा! द मोमो आंटी इज हिअर!"

आत काहीतरी धाडकन पडलं. ती लालबुंद होऊन बाहेर आली. "अहो ताई, ही काहीही बोलते."

"बरोबर बोलते गं." मी साचा टेबलावर ठेवला. "माझ्या एकवीस कळ्या यातल्या आहेत."

तिनं तो उलटसुलट करून पाहिला. आधी फिसकन हसली, मग तो माझ्याकडे सरकवला. "मला एकटीला सांगून काय उपयोग, ताई? हसल्या तर सगळ्या होत्या."

म्हणून यंदा तिला बोलावलं आणि सगळ्यांच्या मधोमध मी बसले. आधी साचा ताटात ठेवला, मग सगळं सांगून टाकलं. आमच्या अध्यक्षीणबाई हळूच म्हणाल्या, "माझ्याकडे पण आहे. लाल."

मी पारी हातात घेऊन कळ्या घालायला लागले. ती फाटली. हसायची कोणाची हिंमत होईना. ती विदर्भाची मुलगी दाराशी उभी होती, हातात तळणीच्या मोदकांचा डबा. तो खाली ठेवून ती माझ्याजवळ आली, वाकली आणि कळ्या मोजायला लागली.

"सात," ती म्हणाली. "मोमोच्या पण जास्त असतात, ताई."

मग मात्र सगळ्या हसल्या, मी सगळ्यात जास्त. खुर्च्या सोडून एकेक जण खाली बसायला लागली.

"सरका जरा," असं म्हणून तिनं पाण्याच्या वाटीत बोटं बुडवली.